डेव्हऑप्स प्लॅटफॉर्म पारखायचा असेल, तर एक बदल वजनकाट्यापर्यंत नेऊन बघा

राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरी या भागांत दहा-पंधरा जणांच्या सॉफ्टवेअर टीम आता बऱ्याच आहेत. कुणी साखर कारखान्यांसाठी ऊसनोंद आणि बिलांचं सॉफ्टवेअर करतं, कुणी पतसंस्थांसाठी, कुणी शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींसाठी स्टॉक आणि डिस्पॅचचं. काम चोख असतं, पण ते करायची पद्धत बघितली तर कोड एकीकडे, कामांची यादी एक्सेलमध्ये आणि चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर. बिल्ड (कोडपासून चालणारी आवृत्ती तयार करणं) होतो सगळ्यांत जुन्या माणसाच्या लॅपटॉपवर. क्लायंटकडे नवी आवृत्ती जाते ती एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर हाताळायचं साधन) लावून: जुनी फाइल बाजूला करायची, नवी चिकटवायची, आणि देवाचं नाव घ्यायचं. तो जुना माणूस गावच्या यात्रेला गेला की रिलीज थांबतं.

अशा टीमसमोर कधी ना कधी प्रस्ताव येतो, की सगळं एकाच ठिकाणी आणा. गिटलॅब, गिटहब, अझूर डेव्हऑप्स ही अशा डेव्हऑप्स प्लॅटफॉर्मची नेहमीची नावं. प्रस्तावासोबत एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक नावापुढे हिरव्या टिका. माझं मत असं, की त्या तक्त्यावरून निवड करू नये. तिथं सगळ्यांनाच सगळं येतं. डेमोही नेहमी गुळगुळीतच होतो, कारण डेमोतलं सॉफ्टवेअर विक्रेत्याचं असतं. आपल्या कामातला एक खरा बदल घ्यावा, मागणीपासून क्लायंटच्या मशीनपर्यंत न्यावा आणि तिथून परत मागे आणून बघावा. प्लॅटफॉर्म कुठं अडतो, हे त्यातून दोन आठवड्यांत कळतं.

आधी थोडं डेव्हऑप्सबद्दल. हा शब्द रूढ झाला २००९ मध्ये, बेल्जियममधल्या गेंट शहरात पात्रिक देब्वा यांनी भरवलेल्या परिषदेपासून. मोठ्या कंपन्यांत कोड लिहिणारे एका विभागात आणि सर्व्हर सांभाळणारे दुसऱ्या. पहिल्यांना रोज काहीतरी नवीन सोडायचं असतं, दुसऱ्यांना आहे ते चालू ठेवायचं असतं, आणि बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ही भिंत पाडून कोड लिहिण्यापासून तो चालवण्यापर्यंतची साखळी एकत्र सांभाळायची, जितकी जमेल तितकी आपोआप चालवायची, ही मूळ कल्पना. कोल्हापुरातल्या पंधरा जणांच्या टीममध्ये अशी भिंत नसते, कारण दोन्ही कामं एकच माणूस करतो. आपल्याकडची अडचण वेगळी आहे: सगळी साखळी त्या एका माणसाच्या डोक्यात असते. प्लॅटफॉर्मकडून आपल्याला हवं आहे ते एवढंच, की ती तिथून बाहेर येऊन इतरांना दिसेल अशा जागी लिहिली जावी.

ऑल-इन-वन म्हणजे काय, हे फाउंड्रीवाल्याला सांगायला सोपं जातं. ओतकाम शिरोलीत, फेटलिंग (ओतलेल्या भागाची घासणी) दुसऱ्या शेडमध्ये, मशीनिंग उद्यमनगरात, असं जॉबवर्क चालतं तेव्हा प्रत्येक शेड आपलं काम नीट करते. माल हरवतो, चलन चुकतं, नग कमी भरतात ते टेम्पोच्या फेऱ्यांत. सगळं एका छताखाली आणलं की फेऱ्या वाचतात, पण मग त्या छताची वीज गेली की सगळंच थांबतं. वेगवेगळी साधनं आणि एकसंध प्लॅटफॉर्म यांच्यात हाच सौदा आहे. छताखाली साधारण या गोष्टी येतात: कोड ठेवायची जागा, कामांची नोंद, एकमेकांचा कोड तपासायची सोय, बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी पाइपलाइन, तयार झालेल्या आवृत्त्यांचं गोदाम, आणि त्या सर्व्हरवर पोचवायची व्यवस्था. वर सुरक्षेच्या तपासण्या आणि हल्ली एआयचा मदतनीस. मदतनीस डेमोत छान दिसतो, म्हणून त्याच्यावर निवड ठरवू नये. तो सहा महिन्यांत सगळ्यांकडेच सारखा होतो.

एक बदल, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, तुमचं सॉफ्टवेअर एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालतं. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन नोंदवलं जातं, गव्हाणीवर ऊस उतरून ती परत येते, रिकामं वजन वजा होतं आणि पावती छापली जाते. शेतकरी विभागात येऊन तक्रार करतो, की पावतीवर १७.४३८ टन आहे आणि बिलात १७.४४. पावती तीन दशांश स्थळं छापते, बिल दोनच धरतं. फरक दोन किलोचा, म्हणजे सातेक रुपयांचा. कधी तो शेतकऱ्याच्या बाजूनं जातो, कधी कारखान्याच्या. पण काट्यावरचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळत नाही, ही गोष्ट ऊसपट्ट्यात सात रुपयांची राहत नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणजे पुढच्या बिलाआधी दुरुस्ती काट्यावर पोचायलाच हवी. मूल्यमापनासाठी याहून चांगला बदल मिळणार नाही. छोटा आहे, खरा आहे, आणि घाईचा आहे.

पहिली पायरी तक्रारीची नोंद. ती कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागातल्या माणसाला स्वतः टाकता येते का? इथंच प्लॅटफॉर्म वेगळे वागतात. अझूर डेव्हऑप्समध्ये अशा माणसाला 'स्टेकहोल्डर' म्हणून फुकट घेता येतं, तो कामांची यादी बघतो, तक्रार टाकतो. गिटहबवर खासगी रेपोझिटरीत (कोडच्या साठ्यात) बाहेरच्या माणसाला आत घेतलं की त्याची जागा पैसे देऊन घ्यावी लागते. गिटलॅबच्या प्रीमियम योजनेत पाहुण्याचीही जागा मोजली जाते, अल्टिमेटमध्ये नाही. तुमचे पाच कारखाने असतील आणि प्रत्येकी दोन माणसं, तर या एका ओळीनं बजेट बदलतं. टिकांच्या तक्त्यात ही ओळ मला आजवर दिसलेली नाही.

दुसरी पायरी म्हणजे दुरुस्ती आणि तपासणी. डेव्हलपर वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) काढतो, दुरुस्ती करतो, मर्ज रिक्वेस्ट (ती मुख्य कोडमध्ये मिसळायची विनंती) टाकतो. दुसऱ्यानं बघून होकार दिल्याशिवाय ती मुख्य ब्रँचमध्ये जाऊ नये, अशी सक्ती करता येते का ते बघा. गिटलॅबच्या मोफत योजनेत होकार देता येतो, सक्ती करायला प्रीमियम लागतं. गिटहबच्या मोफत योजनेत खासगी रेपोझिटरीची मुख्य ब्रँच संरक्षित करायची सोयच नाही, त्यासाठी किमान टीम योजना घ्यावी लागते. अझूरमध्ये ब्रँचचे नियम मूळ परवान्यातच येतात.

तिसरी पायरी पाइपलाइनची. इथं मुद्दाम एक चाचणी मोडा. मग टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलाला किंवा मुलीला, शिवाजी विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली असेल तर उत्तमच, स्क्रीनसमोर बसवा आणि विचारा, काय बिघडलंय सांग. कुणी मदत करायची नाही. लाल खुणेवरून नेमक्या ओळीपर्यंत पोचायला तिला किती वेळ लागतो ते बघा. रोजच्या वापरात हेच शंभर वेळा होणार आहे. ज्या प्लॅटफॉर्मवर लॉग वाचायला जुन्या माणसाला हाक मारावी लागते, तिथं साखळी अजूनही त्याच्याच डोक्यात आहे.

बिल्ड झाला की जी आवृत्ती चाचणीच्या सर्व्हरवर गेली, नेमकी तीच काट्यावर गेली पाहिजे. दोनदा बिल्ड करून दोन्हीकडे पाठवणं म्हणजे एक तपासायचं आणि दुसरंच वापरायचं. हे बहुतेक ठिकाणी जमतं, फक्त पाइपलाइन तशी लिहावी लागते.

मग शेवटची परवानगी. काट्यावर सोडण्याआधी एका जबाबदार माणसानं बटण दाबायला हवं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण गिटहबवर खासगी रेपोझिटरीसाठी 'या माणसाच्या मंजुरीशिवाय डिप्लॉय (म्हणजे मशीनवर बसवणं) नाही' ही अट एंटरप्राइज योजनेतच मिळते. गिटलॅबमध्ये हातानं सुरू करायची पायरी मोफत आहे, मात्र ठरावीक माणसाच्या मंजुरीची अट प्रीमियमपासून पुढे. अझूरमध्ये ती मूळ परवान्यात आहे. म्हणजे स्वस्त वाटलेली योजना नेमकी आपल्याला हव्या त्या पायरीवर कमी पडते, आणि हे खरा बदल चालवून बघितल्याशिवाय ध्यानात येत नाही.

काट्याच्या मशीनपर्यंत पोचायचं कसं

जगभरातले बहुतेक डेमो क्लाउडवरच्या सर्व्हरवर डिप्लॉय करून दाखवतात. आपलं सॉफ्टवेअर बसतं काट्याच्या केबिनमधल्या धुळीनं माखलेल्या कॉम्प्युटरवर. त्याला बाहेरून पोचायला स्थिर आयपी नाही, कारखान्याचा नेटवर्कवाला फायरवॉलमध्ये भोक पाडायला तयार नाही, आणि तो बरोबर आहे.

यावर उपाय असतो रनरचा, अझूरच्या भाषेत एजंटचा. ही एक छोटी सेवा कारखान्यातल्या मशीनवर बसवायची. ती आतून बाहेर, नेहमीच्या वेबच्याच मार्गानं, प्लॅटफॉर्मला थोड्या थोड्या वेळानं विचारत राहते: माझ्यासाठी काही काम आहे का? काम असेल तर नवी आवृत्ती ओढून घेते आणि बसवते. बाहेरून आत यायचा दरवाजा उघडावा लागत नाही. तिन्ही प्लॅटफॉर्म हे करतात. तपासायचं ते कोल्हापुरी परिस्थितीत: अर्धी फाइल उतरल्यावर नेट गेलं तर काय होतं? केबल काढून बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून बघा. रनर ज्या खात्यानं चालतो त्याला त्या मशीनवर नको तितके अधिकार दिलेत का, तेही बघा. कारण ज्याच्या हातात तुमची पाइपलाइन, त्याच्या हातात आता कारखान्याचा कॉम्प्युटर.

आणि वेळ? हंगामात काटा रात्रंदिवस चालू असतो. "साहेब, गाड्या रस्त्यापर्यंत आल्यात, काटा पाच मिनिटंसुद्धा बंद ठेवता येणार नाही," हे वाक्य ज्यानं ऐकलंय त्याला कळेल, की डिप्लॉयला लागणारा वेळ मिनिटांत नाही, दोन ट्रॉल्यांमधल्या फटीत मोजायचा असतो. फाउंड्रीचं उलटं आहे. ज्या कारखान्याला सोमवारची सुट्टी, त्याच्याकडे सोमवारी सकाळी निवांत बदल सोडता येतो. ठरलेल्या वेळी आपोआप डिप्लॉय लावता येतं का आणि हंगामात ते कुलूपबंद ठेवता येतं का, हे दोन्ही बघून घ्या. गिटलॅबमध्ये 'डिप्लॉय फ्रीझ' नावाची सोय आहे: दिलेल्या काळात पाइपलाइनला एक खूण मिळते आणि त्यावरून पायरी अडवायचा नियम आपण लिहायचा.

आता मागे फिरणं, म्हणजे रोलबॅक. यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. जुनी आवृत्ती परत बसवणं सोपं आहे, गोदामातून उचलायची आणि तोच रनर बसवतो. पण दरम्यानच्या चार तासांत नव्या आवृत्तीनं दोनशे पावत्या लिहिल्या असतील आणि डेटाबेसमध्ये नवा कॉलम असेल, तर जुना कोड त्या पावत्यांचं काय करणार? कुठलाही प्लॅटफॉर्म हे तुमच्यासाठी सोडवत नाही, विक्रेता काहीही म्हणो. सोडवायची रीत अशी: आधी फक्त नवा कॉलम घालायचा, जो जुन्या कोडला दिसला नाही तरी चालेल. काही दिवसांनी तो वापरणारा कोड सोडायचा. जुना कॉलम काढायचा तो हंगाम संपल्यावर. प्लॅटफॉर्मनं या तीन पायऱ्या वेगवेगळ्या रिलीज म्हणून नीट दाखवल्या तर पुरे.

सगळं झाल्यावर एक गंमत करून बघा. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक छापा. मग कुठलीही पावती उचलायची आणि त्या क्रमांकावरून उलट जायचं: कुठला बिल्ड, कुठली मर्ज रिक्वेस्ट, कुणी तपासलं, कुणी मंजुरी दिली, मूळ तक्रार कुणाची. एकसंध प्लॅटफॉर्मचा खरा फायदा मला इथं दिसतो. साधनं वेगवेगळी असली तरी बिल्ड होतोच, पण हा धागा तुटतो. ज्या टीमला हा धागा कधी लागतच नाही, तिनं एवढा खर्च का करावा, हा प्रश्न मी खुशाल विचारीन.

पैसे

पंधरा जणांचा हिशोब करू. गिटलॅब प्रीमियमचा जाहीर दर माणशी महिना २९ डॉलर, वर्षाला ५,२२० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ४,४३,७०० रुपये. गिटहब टीम माणशी ४ डॉलर, म्हणजे वर्षाला ७२० डॉलर. अझूर डेव्हऑप्समध्ये पहिले पाच जण मोफत, पुढच्या दहांना ६ डॉलर, तेही नेमके ७२० डॉलर, म्हणजे ६१,२०० रुपये. परदेशी कंपनीकडून बिल आलं तर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विक्रेत्याऐवजी, १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, पण महिन्याच्या रोख हिशोबात तो धरावा लागतो.

दुसरा खर्च मिनिटांचा. त्यांच्या मशीनवर पाइपलाइन चालली की मिनिटं मोजली जातात. पंधरा जण, प्रत्येकी दिवसाला चार वेळा कोड ढकलणार, पाइपलाइन नऊ मिनिटांची: दिवसाला ५४० मिनिटं, बावीस दिवसांच्या महिन्याला ११,८८०. गिटलॅब प्रीमियममध्ये १०,००० मिनिटं येतात, गिटहब टीममध्ये ३,०००, अझूरच्या मोफत कोट्यात १,८००. कुणाकडेच पुरत नाहीत. ऑफिसात एक बऱ्यापैकी लिनक्स मशीन घेऊन त्यावर आपला रनर लावला की प्रश्न जवळजवळ मिटतो. अझूरमध्ये स्वतःच्या एजंटवर एका वेळी एकच काम मोफत चालतं, पुढच्याला महिना १५ डॉलर. आयफोनसाठी अ‍ॅप करत असाल तर गिटहब आणि गिटलॅबवर मॅकवरचं मिनिट लिनक्सच्या कितीतरी पट महाग पडतं. शेतकऱ्यांच्या अ‍ॅपला अँड्रॉइड पुरतं, म्हणून बहुतेकांना ही डोकेदुखी नाही.

आजच्या दरापेक्षा मला दराचा इतिहास जास्त सांगून जातो. गिटलॅबची माणशी ४ डॉलरची योजना होती, ती जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. वरची योजना १९ डॉलरची, ती एप्रिल २०२३ मध्ये २९ ला गेली. गिटहबनं डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकाच्या स्वतःच्या रनरवरही मिनिटामागे आकार लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर लांबणीवर टाकलं. जेटब्रेन्सनं २०२० मध्ये स्पेस नावाचा ऑल-इन-वन आणला, २०२५ मध्ये तो बंदही झाला. यातलं कुणी फसवलं असं नाही, धंदा आहे. पण तुमचा कारखान्याशी करार तीन-पाच वर्षांचा असतो, आणि प्लॅटफॉर्मचा दर एका ईमेलनं बदलतो.

आपल्याच सर्व्हरवर ठेवलं तर?

गिटलॅबची मोफत आवृत्ती आपल्या सर्व्हरवर कितीही माणसांसाठी चालवता येते. त्यांच्या क्लाउडवर मात्र खासगी गटाला मोफत योजनेत पाच जणांची मर्यादा आहे. त्यामुळे कोल्हापुरात पहिला विचार येतो: कोपऱ्यात सर्व्हर आहेच की. गिटलॅब अंगानं जड आहे. हजार माणसांपर्यंतच्या वापरासाठी त्यांची शिफारस ८ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १६ जीबी मेमरीची आहे. त्याहून बरीच हलकी गिटी किंवा फोर्जेजो ही मुक्त साधनं छोट्या मशीनवर चालतात आणि त्यांच्यातही आता पाइपलाइन आहे.

प्रश्न मशीनचा नाही, ते सांभाळण्याचा आहे. गिटलॅबची नवी आवृत्ती दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येते. वर्षभर दुर्लक्ष केलं तर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधले ठरलेले थांबे घ्यावे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यात अशी त्रुटी सापडली, की पासवर्ड बदलण्याचा ईमेल भलत्याच पत्त्यावर मागवून खातं ताब्यात घेता येत होतं. गांभीर्याचे गुण दहापैकी दहा. ज्यांचा सर्व्हर इंटरनेटला उघडा होता आणि सांभाळणारा सुट्टीवर, त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

आणि आपली नदी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तिनं ५५ फूट ओलांडले. शहराच्या सखल भागांत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि बाजूच्या कपाटातली बॅकअपची हार्डडिस्क हे एकाच पुराचे दोन ग्राहक. माझा कल स्पष्ट आहे: मुख्य प्लॅटफॉर्म क्लाउडवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर, दूरच्या शहरात. ऑफिसात ठेवायचा तो फक्त रनर, जो पाण्यात गेला तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मशीनवर उभा करता येतो.

क्लाउड म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री गिटलॅबच्याच इंजिनिअरनं दुय्यम डेटाबेसची फोल्डर पुसायची समजून मुख्य डेटाबेसवर आज्ञा चालवली. एक-दोन सेकंदांत चूक कळून त्यानं हात मागे घेतला, तोवर सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर जिथं रोज प्रत जायची ती जागा रिकामी. प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो रोज मुकाट्यानं फसत होता. फसल्याचे ईमेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्यामुळे ते समोरच्या मेल सर्व्हरनं नाकारले होते. शेवटी वाचवलं ते एका प्रतीनं, जी चाचणीच्या कामासाठी कुणीतरी सहा तास आधी हातानं काढली होती. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० शेरे आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीनं हे सगळं उघडपणे जाहीर केलं, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणही केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

या प्रकरणात गिटमधला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातला) कोड सुरक्षित राहिला. गिटची रचनाच अशी आहे, की प्रत्येक डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो. गेलं ते कोडच्या भोवतीचं: कामांच्या नोंदी, चर्चा, मंजुऱ्या. म्हणजे पावतीपासून तक्रारीपर्यंत जो धागा आपण कौतुकानं बघितला, तो एकाच जागी असतो. एप्रिल २०२२ मध्ये कामांची नोंद ठेवणारं जिरा बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनच्या एका स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले आणि ७७५ ग्राहकांचं जिरा वगैरे सगळं बंद पडलं, काहींचं चौदा दिवसांपर्यंत. चौदा दिवस म्हणजे पूर्ण एका बिलाचा काळ.

म्हणून मूल्यमापनात एक दिवस बाहेर पडायच्या दारासाठी ठेवा. कोड मिरर क्लोननं (इतिहासासकट पूर्ण प्रतीनं) जातो, त्याची काळजी नाही. कामांच्या नोंदी सीएसव्हीत येतात, पण सोबतचे फोटो आणि शेरे येतात का? पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेली यामल फाइल एका प्लॅटफॉर्मची दुसऱ्याला कळत नाही. यावर साधी युक्ती: बिल्ड कसा करायचा ते सगळं आपल्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहायचं आणि यामलमध्ये फक्त ती स्क्रिप्ट बोलवायची. उद्या घर बदललं तर पंधरा ओळी बदलतील, पंधराशे नाही. खरं तर ट्रायलच्या काळातच तोच बदल दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेऊन बघावा. किती ओळी नव्यानं लिहाव्या लागल्या, तो आकडा विक्रेत्याच्या कुठल्याही वचनापेक्षा खरा.

पासवर्ड आणि किल्ल्या

पाइपलाइनमध्ये डेटाबेसचे पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या असतात. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या पाइपलाइन सेवेनं आपल्या सगळ्या ग्राहकांना त्यांच्याकडे ठेवलेली प्रत्येक किल्ली बदला असं सांगितलं. सुरुवात झाली होती एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवरच्या मालवेअरपासून. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या टीजे-अ‍ॅक्शन्सच्या एका लोकप्रिय तयार तुकड्यात कुणीतरी चोर कोड घुसवला आणि तो वापरणाऱ्या २३,००० हून अधिक रेपोझिटरी धोक्यात आल्या. तेव्हा ट्रायलमध्ये एक खोटा पासवर्ड ठेवून लॉगमध्ये तो दिसतो का बघा, आणि बाहेरचे तुकडे वापरायचेच असतील तर नावानं नाही, नेमक्या कमिटच्या (कोडच्या नोंदलेल्या बदलाच्या) क्रमांकानं बांधून वापरा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. तुमच्या योजनेत लॉग किती दिवस राहतात आणि बाहेर काढता येतात का, हे विचारून घ्या. पतसंस्थांचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न ऑडिटर विचारणारच.

मग घ्यायचं काय? डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हरवर ईआरपी करणाऱ्या, क्लायंटच्या माणसांना आत घेणाऱ्या आणि मंजुरीची सक्ती हवी असणाऱ्या टीमला आज मी अझूर डेव्हऑप्स सुचवीन. दिसायला ते जुनाट आहे, आणि मायक्रोसॉफ्टचं लक्ष २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलरला घेतलेल्या गिटहबवर जास्त आहे असं मला वाटतं, म्हणून बाहेरचं दार तिथं नीट बघून ठेवा. ज्यांचा एक माणूस खरोखर सर्व्हर सांभाळू शकतो, त्यांना गिटलॅबची मोफत आवृत्ती भाड्याच्या सर्व्हरवर उत्तम. मंजुरीची सक्ती तिथं नसेल, ती शिस्तीनं भागवावी लागेल. पाच जणांची, सगळं क्लाउडवरच असलेली टीम असेल तर गिटहब टीम योजना घ्या आणि कामाला लागा, एवढा विचार करू नका.

बदलाची वेळ मात्र कॅलेंडर बघून ठरवा. गळीत हंगाम आटोपला की एप्रिलमध्ये ट्रायल सुरू करायची, मे अखेर निर्णय, जूनमध्ये एका कारखान्याचं सॉफ्टवेअर हलवायचं. जुलै-ऑगस्ट नदीचा, त्यात काही हलवू नका. सप्टेंबरमध्ये बाकीचे कारखाने, आणि ऑक्टोबरात मोळी टाकायच्या आत काट्यावर रोलबॅकची एक रंगीत तालीम. जुनी व्यवस्था लगेच पुसू नका. ती फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवून पूर्ण एक हंगाम जाऊ द्या, कारण जुन्या पावतीवरची तक्रार जानेवारीतसुद्धा येते.